सुरय्याच्या बांबूची कुपी

मित्रांनो, नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या एका गल्लीत, सुरय्या नावाच्या बाईच्या खिडकीत मी उभी असते. बोटभर उंचीची, जुनी काचेची कुपी. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यासारख्या हजारो होत्या. खोक्यात बसून मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात आले आणि माझं नशीब असं, की सुरय्याच्या हाती लागले.

त्या कारखान्यात अगरबत्ती आणि साबण करणाऱ्यांसाठी सुगंध तयार व्हायचे. सुरय्या बारा वर्षं तिथे वास जुळवत होती. शिक्षण दहावीपर्यंतच, पण नाक असं, की डबे उघडायच्या आत कुणी कुठली भाजी आणली ते सांगायची.

एक दिवस मालक अमोलशेठ म्हणाले, "साबणवाल्यांना बांबूचा वास हवाय."

मित्रांनो, गुलाबाचं अत्तर गुलाबातून निघतं, वाळ्याचं मुळांतून. बांबूतून मात्र असं तेल निघत नाही. त्याचा वास दुसऱ्याच जिनसांतून जुळवावा लागतो. सुरय्याने पंधरा दिवस खपून एक मिश्रण केलं, माझ्यात भरलं आणि मला पर्समध्ये घालून रस्त्याकडेला टोपल्या विणणाऱ्या बहिरूबाबांकडे नेलं.

बाबांनी मला नाकाशी धरलं आणि मान हलवली. "नाय बाई. हा तर वाळल्या काठीचा वास हे."

मग त्यांनी कोयत्याने एक हिरवा बांबू उभा चिरला. "आता घ्या. लवकर घ्या, लय वेळ राहत नाय तो."

सुरय्या वाकली. काकडीची साल, तांदूळ धुतलेलं पाणी, ओलं गवत. बाबांनी दुसरा बांबू चिरला, तिसरा चिरला, तरी ती उठेना.

महिन्याभराने माझ्यात नवं मिश्रण भरून ती मला घेऊन पुन्हा तिथे गेली. बाबांनी मला दोनदा नाकाशी नेलं. मग हळूच म्हणाले, "बाई, ह्याच्यात पाणी हे."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान.

साबण जोरात खपला आणि कामाचा रेटा वाढला. मिश्रणाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा तेवढ्यात बंद पडला. सुरय्याने तीनदा सांगितलं. "ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू," शेठ म्हणायचे. ती ऑर्डर गेली. पुढची आली.

एका दुपारी टाक्या धुण्याच्या रसायनाचा कॅन कलंडला. बंद खोलीत वाफ कोंडली. खोकत, डोळे चोळत सगळे बाहेर धावले. मी सुरय्याच्या ॲप्रनच्या खिशात होते. बाहेर आल्यावर तिने माणसं मोजली. नवीन लागलेली पल्लवी दिसेना.

ओढणी तोंडावर दाबून सुरय्या परत आत गेली. पल्लवी टेबलाखाली पडली होती. दोन्ही हातांनी तिला ओढायचं म्हणजे ओढणी कोण धरणार?

पल्लवी वाचली. सुरय्याही आठ दिवसांनी दवाखान्यातून घरी आली. पण तिला कशाचाच वास येईना. तो परत येईल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शेठ सफरचंदं घेऊन भेटायला आले. "सुरय्याबाई, प्रमाण वहीत लिहिलेलं आहे. बघून मिसळायचं. त्याला नाक कशाला लागतंय?"

"पंखा बसवला?"

"बसवतोय ना."

सुरय्या परत गेली नाही. तिच्या खुर्चीवर पल्लवी बसली. एकदा ती भेटायला आली तेव्हा सुरय्या म्हणाली, "पंखा फिरेपर्यंत नको जाऊस गं तिथे."

"मग घरात चूल कशी पेटायची, ताई?" पल्लवी म्हणाली.

आता घरात दूध करपतं आणि तिला कळत नाही. एकदा गॅस चालूच राहिला होता. मुलगी अफिफा वेळेवर कॉलेजातून आली, म्हणून निभावलं.

दर शुक्रवारी सुरय्या माझं बूच काढते आणि मला अफिफापुढे धरते. "बांबू आहे ना गं अजून?"

माझ्या तळाशी नुसता पिवळा डाग उरलाय. वास केव्हाच उडाला. अफिफा डोळे मिटून खोल श्वास घेते.

"आहे, अम्मी. थोडा हलका झालाय, पण आहे."

सुरय्या बूच घट्ट लावते. आहे तो जाऊ नये म्हणून.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तरी तिच्यापुढे मी गप्पच राहिले असते. तुम्हाला मात्र सांगते. तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात जात असेल, तर आज संध्याकाळी त्यांना विचारा, तिथे मोकळा श्वास घेता येतो का. आणि मालक "बघू" म्हणाले, तर तेवढ्यावर सोडू नका.