उशिरा हसणारी भाची

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी बाळाच्या टाळूवरून सोनोग्राफी केली. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या जरा मोठ्या दिसत होत्या. "एमआरआय करून घेऊ," एवढंच ते म्हणाले आणि बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं.

एवढ्याशा जिवाला गुंगीचं औषध देऊ द्यायचं नाही, म्हणून मेहुणे हट्टाला पेटले. एमआरआय काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "औषध कशाला? पोटभर दूध पाजा, दुपट्यात घट्ट गुंडाळा, कान मी झाकते. झोपेल ती." आणि खरंच, यंत्राच्या त्या खडखडाटात पोरगी गाढ झोपली. बाहेर आम्हा तिघांचा जीव मात्र टांगणीला.

दुपारी रेडिओलॉजिस्ट बाईंनी आम्हाला आपल्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मेंदूच्या दोन भागांना जोडणारा एक जाड पट्टा इथे असतो. हिच्यात तो तयारच झालेला नाही. असं क्वचित होतं. बाकीची घडण मी दोनदा पाहिली, ती ठीक आहे."

"म्हणजे ती..." बहीण पडद्याकडे झुकली.

"एवढाच दोष असेल तर बरीच मुलं चांगली वाढतात. काहींना चालायला-बोलायला उशीर होतो, काहींना झटके येतात. हिचं काय होईल, ते आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. खोटा धीर देणार नाही, आणि उगाच घाबरवणारही नाही."

सकाळपासून येरझाऱ्या घालणारे मेहुणे तेव्हा कुठे खुर्चीत टेकले.

पोरगी चालायला लागली ती दोन वर्षांची झाल्यावर. आज सहाव्या वर्षीही बटणं लावताना रडकुंडीला येते. विनोद तिला उशिरा कळतो. सगळे हसून गप्प झाले की ही खो-खो हसत सुटते, मग आम्हाला पुन्हा हसू फुटतं. झटका मात्र एकदाही आला नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो, तेव्हा बहीण तिला घेऊन थेट रेडिओलॉजिस्ट बाईंच्या त्या अंधाऱ्या खोलीत शिरली. बाई गोंधळल्याच. "माझ्याकडे मेंदूचे फोटो येतात हो. माणसं कोण आणतं?"

"म्हणूनच आणली," बहीण म्हणाली. "तुम्ही खरं ते सांगितलंत. त्या जोरावर वाढवली हिला."

बाई उठल्या आणि पोरीला आपल्या खुर्चीत बसवलं.

"बस हं. तुझेच फोटो दाखवते तुला."