म्हापशातून दाबलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पंप आहे, आणि हल्ली मला माझीच भीती वाटते. हसू नका. लोखंडालाही धास्ती बसते.

कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून ट्रकमधून घाट उतरून मी गोव्यात पेडण्यातल्या इब्रामपूरला आलो. सखारामांनी आपल्या कुळागरातल्या, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेतल्या, विहिरीपाशी पत्र्याची खोपटी बांधली, नारळ फोडला आणि मला बसवलं. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला मी आणि दोघांमध्ये गरगर फिरणारा जाड पट्टा. पोफळींच्या पाटात पहिलं पाणी पडलं, तेव्हा त्यांची बायको वत्सलाबाई म्हणाली, "आवाज बघा कसो, देवळातल्या ढोलासारखो!" त्या एका कौतुकावर मी कितीतरी उन्हाळे काढले.

सखाराम रोज उतरण उतरून मला चालू करायला येत. येताना तेलाची बुधली आणत, पट्टा चाचपून बघत. पुढे त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त कुरकुरू लागले. तेव्हा म्हापशाला नोकरी करणारा त्यांचा मुलगा निलेश एक पेटी घेऊन आला. ती त्यानं खोपटीच्या भिंतीवर बसवून मोटरला जोडली. तिच्यात फोनसारखं सिमकार्ड होतं. वीज आली की तिच्यावर तांबडा दिवा लागे.

"बाबा, आता फेरी मारूची गरज नाय," निलेश म्हणाला. "लाईट ईली की माका फोनार कळतला. मी हाफिसात बसान बटण दाबतलंय."

खोटं कशाला बोलू, सोय झाली. म्हाताऱ्याची पायपीट वाचली. झाडांना हवं तेवढंच पाणी मिळू लागलं आणि विजेचं बिलही उतरलं. फक्त माझ्याकडे फिरकणारं कुणी उरलं नाही. तेल सुकलं, पट्टा सैल पडला, खोपटीत कोळ्यांनी संसार थाटले. मनुष्य जवळ नसताना अचानक सुरू व्हायचं, हे मला आवडत नसे. पण पंपाला कोण विचारतो?

एकदा सकाळीच वीज गेली. पाणी कमी येतं म्हणून सखाराम काठी टेकत खाली आले. वीज नाही तोवर पट्टा ताणून घेऊ, असा त्यांचा विचार. एरवी ते आधी फ्यूज काढत. पण वीजच नसताना फ्यूज कशाला काढायचा? त्यांनी पट्ट्याखाली बोटं घातली.

आणि त्यांच्या पाठीमागे तांबडा दिवा लागला.

मला दिसत होता, त्यांना नाही. पूर्वी बटण दाबणारा हात त्यांचाच होता, तो एकाच वेळी बटणावर आणि माझ्या पट्ट्यात असणं शक्यच नव्हतं. आता बटण म्हापशाला आणि हात इथे! निलेशच्या फोनवर निरोप गेला असणार. पोरगा कामात चोख, तो उशीर करणार नव्हता. बोटं काढा हो, बोटं काढा! मी मनातल्या मनात ओरडत होतो. इतक्या वर्षांचा माझा एवढा मोठा आवाज, पण मोटर फिरल्याशिवाय तो निघतच नाही.

तेवढ्यात पेजेचा डबा घेऊन वत्सलाबाई दारात आली.

"अवो, दिवो पेटलो! हात काढा!"

"लाईट खंय आसा?" असं म्हणत सखारामांनी मान वळवली, हात मागे ओढला, आणि मी सुरू झालो. खांद्यावरचा पंचा पट्ट्यानं खेचून नेला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. करंगळीचं नखही गेलं. वत्सलाबाईनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. मग निलेशला फोन लावला.

"तू बटण दाबलंस, तेव्हा बाबांचो हात पट्ट्यात होतो रे!"

निलेश तसाच निघून आला. पेटी काढायला त्यानं पाना हातात घेतला, पण बांधलेली करंगळी वर करून सखाराम म्हणाले, "पेटी ऱ्हवांदे. दाबच्या आधी फोन करून इचार, इतक्याच."

त्या वेळी निलेशच्या फोनवर हिरवी खूण उमटली होती: 'पंप सुरू झाला.' तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती खूण तो अजून कुणाला दाखवत नाही.

मित्रांनो, फोनवरून कामं करा, वेळ वाचवा, पैसेही वाचवा. पण बटण दाबण्याआधी पलीकडे कोण उभं आहे ते विचारा. आम्हा यंत्रांची निगा राखा आणि आमच्यावर एवढा विश्वास टाकू नका. मला सुरू होता येतं, थांबता येतं. 'नको' म्हणता येत नाही.