लाल झाकणाची बाटली

कायदेताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात सगळ्या जणी तिला तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठ फिरली की कायदेताई. उपासाला काय चालतं आणि काय नाही, याचा निकाल तिच्याकडे असायचा. दर सोमवारी सहा-सात जणींचा उपास, त्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी जीव नुसता उकडून निघायचा. म्हणून ताई घरून मोठ्या थर्मासमधून ताक आणायची. घुसळलेलं ताजं ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, भरपूर बर्फ, आणि मीठ म्हणाल तर फक्त शेंदेलोण, म्हणजे उपासाला चालणारं सैंधव. ताक झकास असायचं, खोटं कशाला बोला. पण पिता पिता शेंदेलोणावरचं प्रवचनही ऐकावं लागायचं.

त्या सोमवारी इस्त्रीच्या टेबलावरची नवी बाई स्वतःची बाटली घेऊन आली. तिला कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. लिंबाचं गार सरबत, त्यात फुगलेला सब्जा. पहिला पेला तिनं मोठ्या मानानं ताईपुढेच धरला. ताईनं तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, मीठ कुठलं? ती म्हणाली, साधंच, आमच्या आईनं असंच शिकवलंय.

ताईला तेवढंच हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"साधं मीठ? मग तुझा उपास मोडला की गं. आणि तुझ्या आईचे तर जन्मभराचे मोडले."

सगळ्या जणी हसल्या. काजं करणारी तर मशीन थांबवून हसली. नवी बाईही हसल्यासारखं करून उठली, मोरीपाशी गेली आणि अख्खी बाटली तिनं ओतून टाकली. ताईनं उदार होऊन ताक देऊ केलं, तर ती म्हणाली, राहू द्या, मी पाण्यावर राहीन. ताईनं सर्वांसमक्ष आपल्या ताकाचा घोट घेतला आणि जाहीर केलं की, शेंदेलोणाची चव जिभेच्या टोकाला कळते, लपत नाही.

तीनच्या सुमाराला इस्त्रीवाली भोवळ येऊन टेबलावर कोसळली. मनगट तापल्या इस्त्रीवर पडलं. कारखान्याचे मास्तर तिला गाडीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेले. आणि ताई काय म्हणाली असेल? अंगात त्राण नाही, तर उपास करावेत कशाला! हेही ती सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणाली.

घरी येऊन उपास सोडायला तिनं भाजी टाकली. निळ्या झाकणाची साध्या मिठाची बाटली तळाला गेली होती, म्हणून चमचा खोल घातला, तर खाली गुलाबी खडे लागले. ताईचा हात तिथेच थांबला. दोन्ही बाटल्या एकसारख्या, दळलेलं मीठही रंगानं जवळपास सारखंच. म्हणून तर लाल झाकण शेंदेलोणाला आणि निळं साध्याला, हा नियम तिचाच. बाटल्या तेलकट झाल्या म्हणून शनिवारी तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं दोन्ही घासल्या आणि हाताला येतील तशी झाकणं लावली.

म्हणजे आजचं ताक साध्या मिठाचं होतं. तेच मीठ सहा जणींना पाजून तिनं सातवीला मोरीपाशी पाठवलं होतं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, कुणाला कळलंय, गप्प बस की. ताईला ते पटलं, आणि पटलं याचीच तिला जास्त लाज वाटली. आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. इस्त्रीचं टेबल रिकामंच होतं, आणि येता-जाता तिची नजर तिकडेच जायची.

पुढच्या सोमवारी इस्त्रीवाली आली. मनगटाला पट्टी, आणि बाटलीत नुसतं पाणी. दुपारी सगळ्या जणी पेले घेऊन जमल्या, तेव्हा ताईनं थर्मास उघडलाच नाही. उभ्या उभ्या तिनं सांगून टाकलं, की मागच्या वेळी ताकात साधं मीठ होतं, झाकणं बदलली होती आणि आपल्या जिभेला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

मग काजंवाली म्हणाली, अहो ताई, देव काय मिठाच्या बाटल्या तपासत बसलाय? दुसरी म्हणाली, नकळत झालेलं मोजत नाहीत. एका मिनिटात ताईला माफी मिळाली. ताईनं इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. ती एकटीच जागची हलली नव्हती.

"ताई, मीठ कुणाचंही चुकतं," ती कॉलर दाबत शांतपणे म्हणाली. "त्याचं मला काही नाही. तुम्ही सगळ्यांना माझ्या आईवर हसवलंत."

ताईनं आठवडाभर मिठाचीच वाक्यं जुळवली होती. याचं एकही वाक्य तिच्यापाशी नव्हतं. आपण कबुलीसुद्धा सोयीचीच निवडली हे तिला तिथल्या तिथे कळलं. मागच्या वेळी हसलेल्या जणी आता पेल्यांकडे बघत होत्या.

"हिच्या आईला मी बोलायला नको होतं," ताई मागच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली. पुढचं मात्र हळू आलं. "माझं चुकलं गं."

इस्त्रीवालीनं मान वर केली नाही. डाव्या हातानं शर्ट धरून ठेवणं तिला जमत नव्हतं, पट्टी आड येत होती. ती म्हणाली, एवढी बाही जरा ताणून धरा. ताईनं धरली. एक शर्ट झाला, दुसरा झाला. वाफ तोंडावर येत होती आणि थर्मासमधलं ताक तसंच होतं.

"पुढच्या सोमवारी आईचं ते सरबत आणशील?" ताईनं खाली बघत विचारलं. "साध्या मिठाचंच आण. मला एक पेला दे."

"बघू," ती म्हणाली आणि तिसरा शर्ट पुढे ओढला.