दुसरा गोळा

शिरूरच्या अलीकडे नव्या दूध प्लँटात मल्हारनं स्टेनलेसच्या पाइपलाइनचा शेवटचा जोड मारला. नंबर एक्क्याण्णव. जोड इतका देखणा उतरला, की मांडवगण फराट्याच्या या वेल्डरनं त्याच्याकडं तीनदा वळून पाहिलं. लग्नात त्यानं प्रतिभाकडंही एवढं पाहिलं नव्हतं. तिथं मध्ये अंतरपाट होता.

जोड आतून करपू नये म्हणून पाइपात आरगॉन गॅस कोंडावा लागतो, आणि गॅस निसटू नये म्हणून जोडाच्या दोन्ही अंगांना बोळे. शेवटच्या जोडाचे बोळे मागाहून काढता येत नाहीत. म्हणून मल्हार पाव मळून कोंबायचा. गरम पाणी सोडलं की तो विरघळून वाहून जायचा. ही विद्या त्याला कुरकुंभला एका बिहारी वेल्डरनं दिली होती. पण त्या दिवशी पाववाला आला नाही आणि डब्यात प्रतिभाची बाजरीची भाकरी होती. पावाला जमतं ते भाकरीला जमणार नाही, हे मल्हारच्या स्वाभिमानाला पटेना. त्यानं भाकरीचेच दोन गोळे कोंबले.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं. एक गोळा भुगा होऊन आला, तो एकट्या मल्हारनं ओळखला. दुसरा आलाच नाही. धार करंगळीएवढी.

"पंप गेला," फोरमन बाळासो आप्पांनी निदान केलं. तिघं जण पंप खोलायला बसले. मल्हार मुकाट्यानं पाने देत राहिला. बोलला, तर एक्क्याण्णव नंबर कापणार. चांगला पंप खोललेला बघवत नाही. पण तो आपण केलेला नसला, की थोडा बघवतो. आप्पा म्हणाले, "मोटरच बदला," तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"आप्पा, पंपात काय न्हाई. भाकरी हाय."

"आरं, आत्ताशी अकरा वाजल्यात. भूक लागली व्हय?"

"मला न्हाई. पायपात हाय."

सगळं ऐकून आप्पांनी कटर मागवला.

"आप्पा, भाकरी पळत्या पाण्यानं भिजती का? मुरवाय लागती. व्हॉल्व बंद करून गरम पाणी कोंडा, जेवणाच्या सुट्टीपत्तोर. न्हाई निघाली तर मीच कापतो."

पंपाबद्दल आतापर्यंत आप्पा सोडून एकालाही मत नव्हतं. भाकरीबद्दल सगळ्यांना होतं. कुणी म्हणालं रस्सा, कुणी म्हणालं दूध. आप्पांच्या घरीही बाजरीच होती. ते म्हणाले, "कोंडा."

सुट्टीत सगळे जेवले. मल्हार डबा न उघडता कटरशेजारी बसून राहिला.

दीड वाजता उलट्या बाजूनं हवा मारली. पाइप दोनदा गुरगुरला आणि बादलीत काहीतरी धप्पकन पडलं. आप्पांनी ते बोटांत फिरवून पाहिलं.

"शिळी हाय."

"काल ताजी व्हती, आप्पा."

मग सोड्याच्या पाण्यानं लाइन दोनदा धुतली. धार मनगटाएवढी झाली. आप्पांनी रजिस्टरात लिहिलं, 'लाइनमध्ये हवा अडकली होती,' आणि पुढच्या लाइनसाठी वेल्डिंगच्या सामानात पाव मागवले.

घरी प्रतिभानं डबा उघडला. "आवं, भाकरी तशीच? कडक झालती का?"

"न्हाई," मल्हार हात धूत म्हणाला. "कालची तर लय टिकली."