पावणेपाचची हाक

"ताई, एक घावला बघा," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो.

स्क्रीनवर लाल चौकट आली होती. नुकताच बसवलेला फुकटचा अँटिव्हायरस एका फाइलवर बोट ठेवत होता. फाइल बारा-तेरा वर्षांपूर्वीची, बनवणाऱ्याचा पत्ता नाही आणि नाव 'आरव्ही-आठ'. असल्या नावाच्या फाइलकडून मी चांगल्याची अपेक्षा करत नाही.

"मग टाका काढून," आतून उर्मिलाताई म्हणाल्या. त्या चहासाठी आलं किसत होत्या.

मी काढून टाकली. नुसती काढून थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. तिथे संशयित फाइल पुसली की काम अर्धंच झालं, असं आमच्या डोक्यात भरवलेलं. ती जिथे होती ती डिस्कवरची जागासुद्धा वरून तीनदा खरडून काढायची, म्हणजे उद्या डिस्क शत्रूच्या हाती लागली तरी त्याला काही मिळू नये. आता चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्ये, एकट्या बाईच्या कॉम्प्युटरला कसला आलाय शत्रू? पण हाताला सवय. मी ते खरडणं सुरू केलं आणि चहाला जाऊन बसलो.

हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा सांगलीला परत जायचं पक्कं होतं. मुलीची शाळा आड आली, मग तिची नोकरी आड आली, आणि आम्ही इथेच शहरात, सेक्टर त्रेचाळीसमध्ये बसस्टँडच्या मागे राहिलो ते राहिलोच. दिवसभर भोंग्यावर शिमला, मनाली, जम्मू, दिल्ली ऐकू येतं. सांगलीचं नाव कोण घेणार? मी स्कूटरवरून घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. उर्मिलाताईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी 'मॅडम' म्हणालो आणि त्यांनी तिथल्या तिथे 'ताई' करून घेतलं. त्या नाशिकच्या. यजमान कर्नलसाहेब फील्डवर, सीमेकडे, मुलगा कॅनडात. त्यांच्याकडे दहा मिनिटांच्या कामाला मी दीड तास लावतो, कारण तेवढाच वेळ मला पोटभर मराठी बोलायला मिळतं.

"पण खरं सांगा," कप पुढे करत त्या म्हणाल्या, "फुकटचं पुरतं का हो? साहेब दरवर्षी विकतचं भरायचे. यंदा त्यांना तिकडून जमलं नाही."

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं आणि माझं उत्तर तोंडपाठ आहे.

"घरच्या कॉम्प्युटरला पुरतंय, ताई. विंडोजचे अपडेट येऊ द्या, अनोळखी मेल उघडू नका. विकतच्यात चार गोष्टी जास्त असतात, पण तुमचं त्यावाचून अडत न्हाई. फक्त जे लाखमोलाचं हाय, त्याची एक नक्कल दुसरीकडं ठेवा."

"माझं कसलं आलंय लाखमोलाचं," त्या हसल्या.

मग आम्ही नाशिकच्या थंडीवरून इथल्या थंडीवर घसरलो. बोलता बोलता त्या कप खाली ठेवून कॉम्प्युटरकडे बघत राहिल्या. मी आपला बोलतच होतो. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले.

"आज आला नाही," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ऋग्वेद."

मुलगा तर टोरंटोत. क्षणभर मला बाईंचीच काळजी वाटली.

"आठवीनंतर त्याला हॉस्टेलला टाकलं," त्या सांगू लागल्या. "सारख्या बदल्या, दुसरं काय करणार. तेव्हा त्याला प्रोग्राम लिहायचा नाद होता. जायच्या आधी त्याने तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करून ठेवलं, नवा घेतला की साहेब ते त्यात उतरवून देतात. रोज पावणेपाचला, शाळेतून यायच्या वेळेला, कॉम्प्युटर त्याच्या आवाजात बोलतो. 'आई, आलो गं. खायला काय आहे?' एवढंच. आवाज अजून फुटलेला नाही त्याचा. आता फोनवर मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. मराठीत मला हाक मारणारा तेवढाच एक उरलाय."

माझ्या हातातला चहा गार झाला होता. आठवीतला ऋग्वेद. आरव्ही-आठ.

विकतच्या अँटिव्हायरसला साहेबांनी ती फाइल ओळखीची करून दिली असणार. मी नवा बसवला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत? घरी बनवलेला, कुणाची ओळख नसलेला प्रोग्राम दिसला, त्याने लाल चौकट दाखवली. त्याने फक्त विचारलं होतं. गोळी मी घातली होती.

"जुना कॉम्प्युटर असंल की कुठंतरी," मी म्हणालो.

"दोन झाले. दोन्हींच्या डिस्क साहेबांनी हातोडीने फोडल्या. बदलीच्या वेळी नियमच आहे म्हणाले." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं, लक्ष्मीकांतजी? फुकटचं घेतलं म्हणून गेलं का ते?"

त्यांनी स्वतःच वाट काढून दिली होती. 'व्हय ताई' एवढं म्हटलं असतं, तर सगळं त्या फुकटच्या खात्यावर गेलं असतं आणि माझा चहा चालू राहिला असता. मोह झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला.

"न्हाई, ताई. त्याची काय चूक न्हाई. मी पुसलं. तुम्हांला नाव वाचून न दाखवता पुसलं, आणि परत मिळू नये अशी सोय पण केली."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही कप उचलले, आत नेले, आणि बराच वेळ नळ चालू होता.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तर माझ्या मुलीने, कादंबरीने, हाक दिली, "पापा, खाना लग गया." चोवीस वर्षांची पोर, मराठी सगळं समजतं, बोलायला जीभ वळत नाही. मी कधी वळवलीही नाही. त्या ओसाड क्वार्टरचा मला हेवा वाटत होता. तिथे निदान हाक तरी मराठीत होती, आणि ती मी जाऊन बंद करून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ताईंकडून नंबर घेऊन ऋग्वेदला सगळं लिहून पाठवलं. त्याचा फोन आला. "अंकल, वो अब तक चल रहा था?" मग म्हणाला, "मम्मीने कभी बताया ही नहीं." त्याच्याकडेही नक्कल नव्हती. पण दोन दिवसांनी त्याने तेच वाक्य नव्याने म्हणून पाठवलं. मी रात्रंदिवस खपलो नाही, खोटं कशाला सांगू. पावणेपाचला आवाज लावणं सोपं काम आहे. पेनड्राइव्हवर घेतलं, आणखी एक नक्कल घरी ठेवली, आणि शाळकरी पोरासारखा खुशीत चंडीमंदिरला निघालो.

ताईंनी ते उभ्यानेच ऐकलं. 'आई, आलो गं. खायला काय आहे?' आवाज भारदस्त, पुरुषाचा. 'गं' म्हणताना अडखळलेला. 'आहे'चं जवळजवळ 'है' झालेलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"बसवू का, ताई? पाच मिन्टं लागतील."

"नको."

"का? आवाज तर चांगला आलाय."

"चांगला आलाय." त्यांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. "पण तो लहान होता म्हणून पेटीतून बोलला तरी मला चालायचं. एवढ्या मोठ्या झालेल्या माणसाने इथे येऊन म्हणावं."

मी बॅग उचलली. जिना उतरलो, स्कूटरपाशी येऊन उभा राहिलो. वर दार लावल्याचा आवाज काही आला नाही; कुणी यायचं असल्यासारखं ते उघडंच होतं.