पालथ्या दगडांचे एक्स-रे

टकळीने दगड धुतले आणि तिथून सगळं सुरू झालं. बरं, वाईट हेतूने नाही हं! उलट कौतुकानेच. चार वाजता म्युझियमच्या मॅडम येणार, दगड बघणार, तर ते असे धुळकट, डागाळलेले कसे दाखवायचे? म्हणून काका केस कापायला गेल्याबरोबर तिने बाथरूममध्ये टब ओढला, त्यात गरम पाणी आणि साबणाची पावडर टाकली आणि चौदाच्या चौदा दगड आत सोडले. जरा मुरू देत म्हणून वर चहा प्यायला गेली. परत येऊन बघते तर पाण्यावर चौदा कागदी चिठ्ठ्या तरंगतायत. एक ते चौदा. काकांनी डिंकाने चिकटवलेले नंबर!

तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

म्हणजे बघा, काका बत्तीस वर्षं ट्रक चालवत होते. खाणीतून दगड भरायचा आणि कारखान्यावर ओतायचा, हेच काम. पण भरताना एखादा तुकडा त्यांच्या मनात भरायचा. पांढुरक्या-गुलाबी दगडात बोटभर लांबीचे काळे स्फटिक, डांबराचा ताजा खडा फोडल्यावर चमकतो ना, तसे चमकणारे. त्यांच्या भोवती गंजासारखा तांबूस डाग आणि दगडाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. ॲलनाइट. काका ते नाव असं घ्यायचे की जणू सुनेचं माहेर सांगतायत. टाइल्सवाल्याकडून प्रत्येक दगडाची एक बाजू सपाट कापून घेतलेली, आणि कुठल्या खाणीत, कुठल्या थरात, कधी मिळाला ते सगळं वहीत. नंबरनुसार.

आता काका-काकू घर सोडून दादाकडे राहायला चालले होते, त्यांच्या मुलाकडे. तिसरा मजला, दोन खोल्या. दादाने फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, तुम्ही या, आई येऊ दे, पण दगड नाही." म्हणजे एकतर म्युझियम, नाहीतर कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीच्या पायात भर. आणि म्युझियमच्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं: सापडल्याचं ठिकाण माहीत नसलेला नमुना आम्ही घेत नाही. का, तर तो मग नुसता दगड.

आणि टकळी आली होती सामान बांधायला मदत करायला! पुतणी लाडकी, कॉलेजला सुट्टी, तोंड अखंड चालू म्हणून तिचं नाव टकळी. पण त्या टबासमोर तिची टकळी पहिल्यांदा बंद पडली.

तिने दगड पुसून टेबलावर मांडले आणि वही उघडली. सात नंबर: "बंद खाण, पाण्याच्या पातळीखालून, मोठे स्फटिक तीन." तीन मोठे स्फटिक असलेले दगड पाच होते. दहा नंबर: "उतारावरची खाण. छान." छान! आता हे छान कुठे शोधायचं?

मग तिने काय करावं? केलंच तिने. अंदाजाने चिठ्ठ्या चिकटवून टाकल्या. कोणाला कळणार आहे, सगळे जुळ्या भावंडांसारखे तर दिसतात, असं मनाला बजावत बजावत.

काका आले. केस बारीक, मिशी कोरलेली, इस्त्रीचा शर्ट. "अरे वा! अंघोळ घातलीस की माझ्या पोरांना!" म्हणाले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप इतकी लागली की विचारू नका.

"काय गं, गप्पशी?" काकू म्हणाली. "बरं नाही का?"

"काही नाही काकू, दमले."

"तू? बोलून दमली असशील."

बरोबर चारला मॅडम आल्या. चाळिशीच्या असतील, पायात धुळीचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि हातात एक छोटं यंत्र. ते दगडाजवळ नेलं की टिकटिक करायचं. टकळी दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नकोस," मॅडम हसल्या. "या दगडातून किरणं निघतात, पण फार मंद. उशाखाली घेऊन झोपायचं नाही, तुकडा घासून धूळ करायची नाही, हाताळल्यावर हात धुवायचे. बास."

"तिने हात काय, दगडच धुतलेत," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले.

मग ते एकेक दगड उचलून सांगू लागले. मॅडम ऐकत होत्या, लिहीत होत्या. सहापर्यंत ठीक चाललं. मग काकांनी सात नंबर उचलला. "हा बघा, बंद खाणीतला. त्या वर्षी पंप लावून पाणी उपसलं होतं, मी गुडघाभर चिखलात उतरलो आणि..." आणि थांबले. दगड हातात तोलला. फिरवला. परत तोलला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"हा हलका लागतोय. सात नंबर हातात घेतला की मनगट वाकायचं." त्यांनी चिठ्ठी बघितली, वही बघितली. मग चेहरा असा उतरला की बघवेना. "नाही, असेल. असेल हाच. वय झालं हो मॅडम. परवा गॅसही चालू ठेवला होता मी. आता हातांनाही कळेनासं झालं म्हणायचं."

आणि ते हसले. पण ते हसू नव्हतंच.

टकळीला सगळं सहन झालं असतं. म्युझियमचा नकार, काकूचा ओरडा, दादाचे टोमणे, सगळं. पण काका स्वतःच्या डोक्यावर शंका घेतायत आणि कारण ती? तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. "काका तुम्ही बरोबर आहात तो सात नाहीच मीच घोळ केला टबात टाकले चिठ्ठ्या सुटल्या आणि मी अंदाजाने चिकटवल्या, सगळ्या खोट्या आहेत, एकही खरी नाही, मी..." आणि रडायलाच लागली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

काका दगडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हा सात नाही?"

"नाही!"

"म्हणजे मला कळलं होतं."

"हो काका!"

"अगं मग आधी नाही का सांगायचं!" काकांनी असा श्वास सोडला की मिशी हलली. "मला वाटलं, झालं, आपलं डोकं गेलं. अगं, मी सटपटलो होतो!" आणि तिलाच जवळ घेऊन थोपटायला लागले.

मॅडम खाकरल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, दिसत होतं ते. "काका, पण मग हे कुठले कुठले, तुम्हाला सांगता येईल? सगळे?"

"चार-पाच सांगेन हातावरून. बाकीचे..." काकांनी मान हलवली. "सगळं लक्षात राहिलं असतं तर नंबर कशाला टाकले असते?"

"तर मग मला चार-पाचच नेता येतील. माफ करा."

तेवढ्यात काकू म्हणाली, "त्यांचे एक्स-रे आहेत की."

सगळे वळले. हो, सांगायचं राहिलं, काकू सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. सगळं आयुष्य अंधारखोलीत गेलं तिचं.

"मुदत संपलेल्या फिल्मा फेकून द्यायचे आमच्याकडे," ती म्हणाली. "हे मागे लागले, दगडातून किरणं निघतात म्हणतेस तर दाखव. म्हणून एकेक दगड फिल्मवर पंधरा-पंधरा दिवस अंधारात ठेवला होता. मशीन नाही, काही नाही. स्वतःचा फोटो स्वतःच काढला मेल्यांनी." तिने कपाटातून भलंमोठं पिवळं पाकीट काढलं, टेबलावर आदळलं आणि "दूध उतू जाईल" म्हणत आत गेली.

मॅडमचे डोळे लकाकले. चौदा फिल्मा, प्रत्येकीच्या कोपऱ्यात सुईने कोरलेला नंबर, वरवरच्या फिल्मांवर मध्ये काळे डाग. जिथे स्फटिक तिथे डाग. टकळीने सात नंबरची फिल्म खिडकीत धरली, मॅडम एकेक दगड सपाट बाजू वर करून शेजारी धरत गेल्या.

पहिला, नाही. दुसरा, नाही. चौदाही झाले. एकही जुळेना! तीन डाग तर आहेत, पण मोठा डाग डावीकडे असायला हवा तर दगडात तो उजवीकडे. मग बाराची फिल्म घेतली. तेच. तीनची. तेच. काका गुपचूप खुर्चीत बसले. मॅडमनी घड्याळ बघितलं.

काकू चहाचा ट्रे घेऊन आली. "काय झालं? कोण गेलं?"

"जुळत नाहीत गं," काका म्हणाले.

"न जुळायला काय झालं? बघू." तिने ट्रे ठेवला, फिल्म हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. नंबर सरळ वाचताय होय? अहो, पेशंट पालथा होता ना! दगडाचं तोंड खाली, फिल्मवर. मी वरून नंबर कोरला. आता तुम्ही दगड उताणा करून बघताय आणि फिल्म तशीच. समोरासमोर उभं राहिल्यावर माझा डावा तुमच्या उजव्यासमोर येतो की नाही?" तिने फिल्म उलटी केली. "नंबर उलटा दिसला पाहिजे. मग दगड सुलटा."

आणि तिसऱ्याच दगडावर ती फिल्म अशी बसली, डागावर डाग, टोकावर टोक, की मॅडम चक्क "आहाहा!" म्हणाल्या. काकांनी तो दगड उचलला. मनगट वाकलं. "सात!" ते ओरडले. "हाच माझा सात!"

टकळीचा जीव भांड्यात पडला. आणि टकळी परत सुरू झाली, ती थांबेचना. "बारा मिळाला! काकू, हा नऊ! मॅडम, हा बघा, हा बघा ना!" चहा थंड झाला, कोणी बघितलंही नाही. मॅडम भिंगातून बघत शेरे सांगत होत्या. याचं टोक हातोड्याने उडालंय. हा आतून भुसभुशीत झालाय. आणि अकरा नंबर हातात आल्यावर तो परत परत फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "दोन्ही टोकं शाबूत. काका, हा काचेच्या कपाटात लागेल. तुमच्या नावाने."

काकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

शेवटी एकच दगड उरला आणि एकच फिल्म. दगड सगळ्यांत मोठा, अंगठ्याएवढे काळेभोर स्फटिक, काकांचा जीव की प्राण. फिल्म मात्र कोरी. मॅडमनी यंत्र जवळ नेलं. यंत्र गप्प.

"हा टूर्मलीन आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बघा, अंगावर उभ्या रेघा. ॲलनाइट नाही. देखणा आहे पण. आमच्याकडे असे पोत्याने आहेत."

काका काकूकडे बघायला लागले. "तुला माहीत होतं?"

"फिल्म मीच धुतली ना."

"वीस वर्षं बोलली नाहीस!"

"तुम्ही सगळ्यांना तोच आधी दाखवायचात. म्हटलं, फिल्म जुनी असेल."

टकळीला वाटलं, आता काका खचणार. ती त्यांचा हात धरायला पुढे झाली, तर काका दगड छातीशी धरून मॅडमना विचारतायत, "म्हणजे हा तुम्हाला नकोय? नक्की? अगदी नक्की ना?"

"नक्की, काका."

"बरं झालं बाई!" काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला.

मॅडम तेरा दगड, तेरा फिल्मा आणि वही घेऊन गेल्या. त्यांची गाडी वळेपर्यंत काका दारात उभे होते. मग आत आले, एक रिकामं खोकं घेतलं, तळाशी वर्तमानपत्र घालून तो मोठा दगड अलगद ठेवला, झाकण लावलं आणि मार्करने वर मोठ्या अक्षरात लिहिलं: काचेची भांडी, सांभाळून.

"दादा उघडेल हं," टकळी कुजबुजली.

"काकूच्या भांड्यांना हात लावायची कोणाची हिंमत आहे?"

काकू मागेच उभी होती. तिने झाकण परत उघडलं, दगडाभोवती दोन जुने नॅपकिन कोंबले, म्हणजे उचलताना आतून आवाज यायला नको, आणि खोकं चिकटपट्टीने बंद करून टाकलं.