रिकाम्या हातानं

द्रौपदाबाईंनी उभ्या आयुष्यात रिकाम्या हातानं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. शेतात जाताना भाकरीचं टोपलं, येताना सरपणाचा भारा, नदीवर जाताना धुणं. पहूरसारख्या गावात बाई दोनदा मोकळ्या हातानं हिंडताना दिसली, की तिसऱ्यांदा तिच्या घरी चौकशीला माणसं येतात. आणि आता त्या मुलाकडे दीपनगरच्या कॉलनीत राहायला आल्या, तर तिथल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आजी, रोज सकाळी नुसतं चालायचं."

नुसतं? ऐकूनच द्रौपदाबाईंना लाजल्यासारखं झालं.

पण मुलानं, आधारनं, अटच घातली होती. रक्तातली साखर उतरल्याशिवाय पहूरला जायचं नाही. विजेच्या कारखान्यात नोकरी करून पोराचं डोकंही यंत्रासारखं झालं होतं. इकडे द्रौपदाबाईंचा जीव गावात अडकलेला. तिथं शेजारी त्यांची थोरली जाऊ होती, पार्वताबाई. दोघी विधवा, दोघी तोंडानं फटकळ, आणि रोज एकदा तरी भांडल्याशिवाय दोघींना घास गोड लागत नसे. "मी नही तं तिच्यासंगं भांडीन कोन?" असं सुनेला, रत्नाला, सांगत त्या डोळे पुसत.

पहिल्या सकाळी त्या निघाल्या. शेजारच्याच क्वार्टरपुढे प्रमिलाबाई सडा टाकत होत्या. "जयभीम आजी! कुठं निघाल्या?"

कुठं? 'कुठीच नही' म्हणावं तर म्हातारी भ्रमली म्हणतील. "काही नही, इसरलं घरी," असं पुटपुटून त्या आल्या पावली माघारी फिरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाची किटली उचलली. आता कुणी विचारलं, की "दूध आणाले" म्हणायचं. हातात किटली येताच पायांना हुरूप आला. अख्ख्या कॉलनीला वेढा घालून त्या परतत, तोवर नेहमीचा दूधवाला दारात दूध घालून गेलेलाही असे.

पण कॉलनीतल्या बायका काय आंधळ्या होत्या? म्हातारी रोज किटली घेऊन जाते आणि रिकामीच आणते, हे पाहून त्यांचं काळीज तुटलं. बिचारीला दूध मिळत नाही! मग एकीनं हाक मारून चहा पाजला, दुसरीनं वर खारी दिली, आणि प्रमिलाबाईंचा चहा म्हणजे तर निव्वळ पाक. दिलेल्या चहाला नाही म्हणणं हा त्या घराचा अपमान, हे द्रौपदाबाईंना लहानपणापासून ठाऊक. त्या सगळ्यांचा मान राखत राहिल्या.

महिन्यानं रक्त तपासलं. साखर उतरायची सोडून चढली होती. आधारनं कपाळाला हात लावला. पहूर आणखी लांब गेलं, आणि द्रौपदाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

संध्याकाळी प्रमिलाबाई तावातावानं आल्या आणि त्यांनी रत्नालाच फैलावर घेतलं. "का गं, एवढ्या थंडीत म्हाताऱ्या सासूला दुधासाठी दारोदार हिंडवतेस?"

रत्ना बघतच राहिली. "दूध तर आमच्या दारात येतं! आत्या, काय भानगड आहे ही?"

द्रौपदाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "काय करू माय? रिकाम्या हातानं चालता येत नही मले. लोकं इचारतात."

मग चहाचंही सगळं बाहेर आलं. प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला. रत्नाला असं हसू फुटलं, की तिला खालीच बसावं लागलं. हसता हसता तिनं सासूचा हात धरला आणि मग एकदम रडवेली झाली. "मला आधी का नाही सांगितलं? मी आले असते ना सोबत. उद्यापासून कुणी विचारलं कुठं, तर म्हणायचं, तुलाच घ्यायला आलो."

आणि तसंच झालं. जिथं जिथं चहा मिळाला होता, त्या त्या दारातून एकेक बाई पदर खोचून बाहेर पडली. प्रमिलाबाई पहिल्या वळणावरच धापा टाकत, तरी बोलणं थांबवत नसत. किटली घरी खुंटीला लटकत राहिली.

उन्हाळा लागेपर्यंत साखर उतरली. एस.टी. सुटताना रत्ना रडली. "रडतं काय वं? सकाळी चालाले जात जाय," असं दटावत द्रौपदाबाईंनी खिडकीतूनच हात काढून तिचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पहूरला उजाडताच त्या घराबाहेर पडल्या. पार्वताबाई ओट्यावर मिश्री घासत बसली होती. भांडायला कुणी नसल्यानं तिची रया गेली होती, आणि गुडघे धरल्याशिवाय तिला उठवत नव्हतं.

"काल आली अन् आज कुठी चालली वं?" ती कडाडली. "हातात ना डबा, ना टोपलं!"

"कुठीच नही," द्रौपदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोच रिकामा हात पुढे केला. "ऊठ अक्का, चाल. वाटंनं भांडू."